कवठाखालचा ओटा

पूनमनं पाटी मोठ्यानं वाचली तेव्हा मी वाकून चपला काढत होते. एक निघाली होती, दुसरीचा पट्टा टाचेत अडकला होता. "मम्मी, हे पाहा ना, किती गोड," ती म्हणाली आणि बाईंनी वर्गात उभं केलेल्या पोरीसारखी सुरात वाचू लागली, "राजासाहब की प्रिय शिकारी कुतिया, मैना की समाधि." तोल जाऊ नये म्हणून मी जाळीला हात टेकला. नवीन जाळी, हिरवा रंग, पुरता वाळलेला नव्हता, बोटांना लागला. कुतिया. मागं मंडपात कोठीतल्या नव्या संग्रहालयाचं उद्घाटन चाललं होतं, लाउडस्पीकरवर कोणी साहेब बोलत होते, आणि माझ्यासमोर तो ओटा होता, माझा ओटा, चुना लावून पांढराफेक केलेला, भोवती झेंडूची माळ. "चपला काहून काढून राहिल्या मम्मी? कुत्रीचीच तर आहे," पूनम हसून म्हणाली. तिचं काय चुकलं? चार वर्षांपूर्वी सून होऊन आलेली पोरगी. तिचा नवरा, माझा अक्षय, माझ्या पोटचा, त्याला जिथं ठाऊक नाही तिथं हिला कोण सांगणार. "पायाले गोळे आले वं," मी म्हटलं आणि दुसरीही काढली.

मैना. हे नाव जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक मी, चपला हातात घेऊन उभी. आणि दुसरे तिकडे मंडपात, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, बाजूला कलेक्टर साहेब. "इस क्षेत्र के इतिहास के मर्मज्ञ, आदरणीय रवींद्र सर," लाउडस्पीकर म्हणाला आणि टाळ्या पडल्या. हे उठून हात जोडत असतील, मान थोडी उजवीकडे कलती करून, फोटोत तशी बरी दिसते म्हणून. मला इथून दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला पाहायची काय गरज. मी तिथंच उभी राहून तो शब्द जिभेवर फिरवत होते, कडू गोळी विरघळत नाही तसा तो फिरत होता. बरं, दुसरं कोणतं नाव सापडलं नसतं का कुत्रीला? मोती, राणी, बिजली. गावात काय कुत्र्यांच्या नावांचा दुष्काळ होता?

कोठी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर हे सगळं तुम्हाला बाईचं रडगाणं वाटेल. सौंसरच्या पुढं संत्र्यांचे बगीचे संपून साग सुरू होतो, तिथं राजेसाहेबांनी वाघाच्या शिकारीसाठी ती बांधली. वर्षातून पंधरा दिवस यायचे म्हणे, हत्तीवरून, गोरे पाहुणे घेऊन, आणि बाकी वर्षभर वीस नोकर रिकाम्या पलंगांवरच्या चादरी बदलायचे. राज्यं गेली, कोठी सरकारजमा झाली. काही दिवस धान्याचं गोदाम होतं. मग गावाला शाळा मंजूर झाली आणि शाळेला इमारत नाही, म्हणून राजाच्या दिवाणखान्यात पोरं बसली आणि पोरांना शिकवायला हे आले. आम्हाला मागच्या दोन खोल्या. राजाच्या बंदुका ठेवायची खोली माझं स्वयंपाकघर झाली. भिंतीवर बारशिंग्यांची, चितळांची शिंगं होती, पोरं त्यांना दप्तरं लटकवायची. दारासमोरच्या वाघाच्या मुंडक्याला एकच काचेचा डोळा, दुसरा कोणी पोट्ट्यानं गोट्या खेळायला नेलेला. राणीसाहेबांच्या नहाणीतल्या टबात मी तांदूळ ठेवत होते, वर सागाची फळी टाकून. आणि शिंगांच्या बेचक्यांत साळुंक्यांची घरटी. पाढे चालले असले की वरून काड्या पडायच्या, पोरांच्या पाट्यांवर, कधी यांच्या टोपीवर. हे त्यांना मैना म्हणायचे. "मैनाबाई, वर्ग चालू आहे," असं वर बघून म्हणायचे आणि पोरं हसायची. मलाही हसू यायचं, आत भाकरी थापताना. अकरा वर्षं मी त्या घरात राहिले. आता आत शिरल्याबरोबर मोठा फलक आहे, राजाचे आजोबा, राजा, राजाच्या बंदुका, राजाचे वाघ, मग राज्य विलीन झाल्याचं साल, आणि त्याच्याखाली एकच ओळ, "इसके बाद भवन उपेक्षित रहा." उपेक्षित. म्हणजे आम्ही. माझी अकरा वर्षांची झाडलोट, सारवण, चूल, तीनशे पोरांच्या बाराखड्या, सगळं मिळून एक उपेक्षित. आणि फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात, मजकूर अमुक अमुक यांचा. यांचाच.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पांढुर्ण्याला. भादव्यात बाबा न्यायला येणार होते. पण तिनं घाई केली. आठवा लागला नाही तोच पोळ्याच्या आदल्या रात्रीपासून कळा सुरू झाल्या आणि नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. गावातली वच्छलाबाई आली, तिनं अर्ध्या गावाच्या नाळा कापल्या होत्या. मुलगी झाली तेव्हा पहाटेचे पाढे म्हणायला पोरं आली होती आणि पावसामुळं हे त्यांना घरी पाठवत होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो, जा रे, आज सुट्टी, जा. एवढीशी होती. वच्छलाबाईनं तिला कापसात ठेवली, खऱ्या कापसात, घरच्या शेतातला सरकी काढलेला आणला होता तिनं. बारसं बाराव्या दिवशी करायचं म्हणून नाव ठेवलं नव्हतं. पण एका दुपारी हे खाटेजवळ बसले होते, साळुंकी आत उडत आली, खिडकीच्या गजावर बसली, आणि बाळानं आवाजाकडं मान वळवली. वळवली नसेल, एवढ्या लहान बाळाला कुठलं कळतं, पण आम्हाला तसं वाटलं. हे हळूच म्हणाले, "मैना." मी म्हटलं, "बारशाच्या आधी नाव घेत नाहीत." ते म्हणाले, "मग मनातल्या मनात ठेव." मी ठेवलं. नवव्या दिवशी तिला श्वास लागला. गावात एक ट्रॅक्टर होता, तो नाल्यापलीकडे अडकला होता. वच्छलाबाईनं तिच्या पायांना तेल चोळलं, छातीला ओवा बांधला, आणि मग चोळायचं थांबवलं. थांबवलं तेव्हाच मला समजलं.

लहान लेकराला जाळत नाहीत. पुरायची जागा नाल्याच्या पलीकडे होती. म्हणून यांनी कोठीच्या मागं, कवठाच्या झाडाखाली खड्डा केला. एकट्यानं केला, शाळेतल्या बागेची कुदळ घेऊन, पावसात. मला दारातच बसवलं होतं. वच्छलाबाई येऊन म्हणाली, "बाई, मीठ दे." मी घरात होतं तेवढं मीठ काढून दिलं, चिनी मातीच्या बरणीतलं, खडे मीठ. मातीत घालतात. त्यानंतर किती दिवस मी अळणी रांधलं आणि यांनी अळणी खाल्लं, एका शब्दानं म्हटलं नाही की भाजीला मीठ नाही. हे मी कधी विसरले नाही. नंतर राजाच्या पडक्या पागेतले घडीव दगड आणून यांनी वर ओटा बांधला, हातभर रुंद, दोन हात लांब. कोल्ही उकरतील म्हणून. माझं दूध थांबत नव्हतं. पोलकं ओलं व्हायचं, दिवसातून तीनदा बदलायचे. वच्छलाबाई म्हणाली, "बाई, मोरीत नको पिळू. तिच्यावर पिळ. तिले पोचते." दुपारी पोरांची शाळा भरलेली, एक वर्ग बेचा पाढा म्हणतोय, दुसरा कविता, आणि मी कवठाखाली भिंतीकडे तोंड करून बसलेली. दगडावर पडलेल्या दुधाला मुंग्या यायच्या. मला बरं वाटायचं, कोणी तरी पितंय. हे शाळा सुटली की यायचे, लांबूनच चपला काढायचे आणि जरा उभे राहायचे. पोरं खेळताना ओट्यावरून उड्या मारू लागली तेव्हा यांनी त्यांना सांगितलं, "तिथं देव आहे रे. चपला काढून जायचं." पोरं ऐकायची. पोळ्याला, दिवाळीला फुलं ठेवायची. म्हणजे पहिलं खोटं तेच होतं, आणि मला ते किती गोड वाटलं होतं. अक्षय झाला तेव्हा कोठी सोडून आम्ही पांढुर्ण्याला आलो होतो. हे म्हणाले, "त्याले कायले सांगायचं? त्याच्या जन्माले कायले तो डाग?" डाग म्हणाले होते. तेव्हा मी ऐकून घेतलं. पण दर वर्षी भादव्यात आम्ही जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातो म्हणून निघायचो आणि परत येताना सौंसरहून रिक्षा करून कोठीच्या मागच्या बाजूनं जायचो. कोठीला तेव्हा कुलूप, आत वटवाघळं. हे चपला काढायचे, मी काढायचे. मग कोठीचं काम सुरू झालं, पत्रे लागले, आत जायला मनाई झाली. पण यांना मनाई नव्हती. हे संग्रहालयाच्या समितीत होते.

उद्घाटनाहून परत येताना गाडीत पूनमनं सगळ्यांना फोटो दाखवले. ओट्याचाही. "पप्पा, ही कुत्रीची स्टोरी तुम्हीच सांगितली ना त्यांना?" हे खिडकीबाहेर बघत "हूं" म्हणाले. बाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण पोरासमोर, सुनेसमोर काय बोलू? घरी आल्यावरही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अक्षय आणि पूनम नागपूरला परत गेले, आणि हे गच्चीत उन्हाला बसून संत्रं सोलत होते. यांची संत्रं खायची एक रीत आहे, फोडीवरचा एक एक दोरा काढतात, नागडी फोड करतात, मग तोंडात टाकतात. मी समोर जाऊन उभी राहिले. "मैना?" मी म्हटलं. एवढंच. यांचा हात थांबला. "ऐकून घे," हे म्हणाले. "काय ऐकू? कुतिया लिहिलं आहे तिथं. माझ्या पोरीले कुतिया लिहिलं आहे." "हळू बोल. शेजारी आयकतील." "आयकू दे!" यांनी संत्रं ताटलीत ठेवलं, हात पुसले, आणि शाळेत अवघड गणित समजावताना काढायचे तो आवाज काढला. "तिथं गाड्या उभ्या करायची जागा होऊन राहिली होती, सुनंदा. सगळं साफ करून फरशा टाकणार होते. मास्तरच्या लेकराची माती आहे म्हटलं असतं तर कोणी ठेवली असती? एका दिवसात जेसीबी फिरला असता. राजाचं काही आहे म्हटलं, तर जाळी लागली. राजाच्या कुत्र्याले जी किंमत आहे ते आपल्याले नाही. मी काय करू?" "आणि नाव?" मी विचारलं. ते म्हणाले, "तिचं बारसं झालं नाही. नाव तरी कुठं राहिलं असतं? आता दगडावर आलं ना." आणि यांचे डोळे भरून आले. खरंच आले.

काय सांगू, मी विरघळले. संध्याकाळी मी भरीत केलं, यांना आवडतं तसं, कांद्याच्या पातीचं. पुढचे कितीतरी दिवस मी ते मनात घोळवत होते, उलटंसुलटं करून पाहत होते. कुतिया शब्द आठवला की डोक्यात तिडीक जायची, आणि मग मी स्वतःलाच समजवायची, अगं, वाचवलं ना त्यांनी तिला. अपमान गिळून वाचवलं. बाप आहे तो. अळणी भाजी खाल्ली होती त्यानं. मला तर एखाद्या वेळी अभिमानही वाटायचा, की बघा, लोक येतात, जाळीपाशी उभे राहतात, नाव वाचतात, मैना म्हणतात. ज्या पोरीला कोणी हाक मारली नाही तिला सौंसर, छिंदवाडा, नागपूरचे लोक हाक मारून राहिले. त्या आवाजातला राजा आणि कुत्री मी चाळून बाजूला काढायची, आणि फक्त नाव ठेवून घ्यायची. बाईला एवढं चाळायची सवय असतेच. आणि एक दिवस वाटलं, आपण एकटीनं जाऊन यावं. हे बँकेत पेन्शनच्या कामाला गेले होते. मी सौंसरची बस धरली, थोडी झेंडूची फुलं पदराला बांधली, आणि एका डबीत दूध घेतलं. वेडेपणा, या वयात. पण घेतलं.

मृणाल नावाची मुलगी आहे तिथं, नागपूरची, संग्रहालयाचं सगळं तीच बघते. चष्मा, बारीक केस, मराठी स्वच्छ पुस्तकी. मी दिसताच खुर्ची दिली, "काकू, तुम्ही कशाला तिकीट काढलं? सरांनी फोन केला असता तर मी गेटवरच आले असते." माझं जुनं स्वयंपाकघर आता तिचं ऑफिस आहे. चूल होती तिथं तिचा कॉम्प्युटर. मी म्हटलं, बाई, तुझे उपकार आहेत, मागचा ओटा तुम्ही ठेवला, गाड्यांसाठी तोडला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "गाड्यांसाठी? नाही हो काकू. पार्किंग पहिल्यापासून समोरच होतं. मागं तर आम्ही एक दगडसुद्धा हलवला नाही, तो आमचा नियमच होता." मी म्हटलं, "कोणीच तोडणार नव्हतं?" "कोणीच नाही. उलट मीच सरांच्या मागं लागले होते. त्या ओट्याची लांबी बघून मला वाटलं होतं, एखाद्या बाळाचं असेल का? शाळेच्या काळातलं? मला तर शाळेची एक अख्खी खोली करायची होती, पाट्या, दप्तरं, शिंगांना दप्तरं अडकवायची मुलं, गावातल्या म्हाताऱ्यांनी किती सांगितलं होतं मला. सर म्हणाले, शाळेत बघण्यासारखं काय होतं, लोक राजाला बघायला येतील. आणि बाळाचं विचारलं तर हसले. म्हणाले, राजाच्या कोठीत कोणाचं बाळ कोण पुरेल." ती बोलत होती आणि माझी नजर खिडकीच्या गजावर होती, ज्यावर तेव्हा साळुंकी बसली होती. "मग त्यांनी ती कुत्रीची गोष्ट सांगितली. किती सुंदर सांगितली काकू! वाघ राजावर झेपावला आणि ती मधे गेली. कलेक्टर साहेब इतके खूश झाले, म्हणाले, सर, तुमच्यासारखा माणूस समितीत पाहिजेच. नाव मी विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मैना."

हसले. तेवढा एकच शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. बाळाचं असेल का, असं एका परक्या पोरीनं विचारलं होतं, सरळ, प्रेमानं. दार उघडून दिलं होतं तिनं. नुसतं हो म्हणायचं होतं. त्या एका हो-नं माझी मुलगी माझी झाली असती, पोरांची दप्तरं परत शिंगांना लागली असती, फलकावरची ती उपेक्षित ओळ पुसली गेली असती. आणि हा माणूस हसला. कशासाठी? लाज वाटली? की साहेबांच्या शेजारची खुर्ची दिसली? चष्मा पुसला म्हणे. म्हणजे आठवली होती ती. आठवली, आणि आठवून तिचं नाव कुत्रीला दिलं. माझ्यासमोर गच्चीत डोळ्यांत पाणी आणलं तेही आठवूनच आणलं असेल, आणि मी मूर्ख, भरीत करून घातलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी सरळ म्हटलं, "मृणाल, ती कुत्री नाही. ती माझी मुलगी आहे. याच घरात झाली, याच घरात गेली. तिथंच पुरली तिले. नाव मैना." ती उभी राहिली. हात तोंडावर गेला तिचा. विश्वास बसला होता तिचा, मी शपथेवर सांगते, त्या क्षणी बसला होता. मग ती जरा चाचरत म्हणाली, "काकू, मी... पाटी बदलायची तर समितीला सांगावं लागेल. सरांना एकदा विचारते हं," आणि फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून, चांगल्या मनानं, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"सर, काकू आल्या आहेत इथं. त्या म्हणतात तो ओटा तुमच्या..." तिला शब्द सापडेना. "तुमच्या मुलीचा आहे." पलीकडे बँकेतली गडबड ऐकू येत होती, कोणी टोकन नंबर पुकारत होतं. मी टेबलाची कड धरून होते. अजूनही, खरं सांगते, अजूनही मला वाटत होतं, आता म्हणेल. आता तरी म्हणेल. फोनच तर आहे, तोंडही दाखवायचं नाही, एक हो म्हण रे बाबा. "एकटीच आली का ती?" हे म्हणाले. "हो सर." "तिले बसव. पाणी दे. मी येतो घ्यायला." आणि मग आवाज खाली आणून, त्याच समजावणीच्या आवाजात, "बेटा, तिच्या बोलण्यावर जाऊ नको. वय झालं आहे. अलीकडे तिचं असंच होऊन राहिलं आहे. काहीच्या काही डोक्यात घेते." मृणालनं घाईनं फोन उचलला, कानाला लावला, पण जे यायचं ते येऊन गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात आता विश्वास नव्हता, माया होती. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात ती माया. "पाणी आणते हं काकू," ती म्हणाली आणि गेली. पाणी कुठं आहे ते मी तिला सांगू शकले असते. माठ त्याच कोपऱ्यात होता.

मी उठून मागच्या दारानं बाहेर आले. जाळीला छोटं फाटक आहे, कडी काढली, आत गेले, चपला फाटकाबाहेर ठेवल्या आणि ओट्यावर बसले, भिंतीकडे तोंड करून, जशी बसायची तशी. दुपारचं ऊन होतं. कवठ अजून तेच, एक फांदी छाटली आहे फक्त. डबीतलं दूध दगडावर ओतलं. चुन्यावर ते दिसलंसुद्धा नाही, पांढऱ्यावर पांढरं. हेमराज धावत आला, तो तिथं पाहुण्यांना माहिती सांगत फिरवतो, निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "काकू, तिथं नका बसू, समाधी आहे ती." "माहीत आहे मले," मी म्हटलं. "तू तुझं काम कर." सरांची बायको, तो काय बोलणार. दोन-तीन कुटुंबं आली. हेमराजनं जरा लांबूनच त्यांना गोष्ट सांगितली, वाघ, झेप, राजा, कुत्री. गोष्ट आता वाढली होती, कुत्रीनं वाघाचा कान तोडला होता. एका मुलीनं तिच्या आईला विचारलं, "ही आजी कोण आहे?" आई म्हणाली, "चल, चल." मुलीनं जाता जाता दोन बिस्किटं जाळीतून आत टाकली, ओट्यावर, माझ्या मांडीजवळ. कुत्रीसाठी. मी ती उचलली नाहीत. बसून राहिले. माझ्या मनात एकच होतं, येऊ दे त्याला. आता त्याला सगळ्यांच्या समोर मला इथून उठवावं लागेल. आणि मी विचारणार आहे, एवढंच, इथं कोण आहे? मग पाहू काय सांगतो. फोनवर खोटं बोलणं वेगळं, आणि तिच्या डोक्याशी उभं राहून बोलणं वेगळं.

हे आले तेव्हा ऊन कोठीच्या भिंतीवर चढलं होतं. शेजारच्यांची गाडी करून आले होते. मृणाल सोबत होती, हेमराज होता, आणि जायला निघालेले पाच-सात लोक काय चाललं आहे म्हणून थांबले होते. हे कोपऱ्यावरून वळले. मी मान वळवून बघत होते. मी विचारायच्या आधीच, फाटकापाशी आल्याबरोबर, काही न ठरवता, चाळीस वर्षांची सवय, यांचा उजवा पाय चपलेतून निघाला. मग डावा. अनवाणी उभे राहिले ते मातीवर, मान खाली घालून, जसे शाळा सुटल्यावर उभे राहायचे. मृणालनं ते पाहिलं. तिनं माझ्या फाटकाबाहेरच्या चपलांकडे पाहिलं, मग त्यांच्या चपलांकडे, आणि तिचं तोंड थोडं उघडलं. मला काही विचारायची गरजच उरली नाही. कोणीही काही बोलू नये, एवढंच मला वाटत होतं.

हेमराज बोलला. आदरानंच बोलला बिचारा. "सर, चपला राहू द्या ना. कुत्रीचीच तर आहे."

यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग थांबलेल्या लोकांकडे, मग मृणालकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. "हो, हो," हे म्हणाले, जरा हसले, आणि पायानंच चाचपून चपला परत घातल्या.

मग फाटक ढकलून, चपलांसकट, ते आत आले आणि त्यांनी मला उठवायला हात पुढं केला.